गोधडीचा टाका : हात, यंत्र आणि हाताची नक्कल करणारे यंत्र

१/ सांडोर हे वसईच्या किल्ल्याजवळचे गाव. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगिजांना दिली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली, हे आपणांस ठाऊक आहेच. याच किनाऱ्यावरून शिवलेल्या पांघरुणांचाही एक इतिहास वाहत गेला. आजचा थ्रेड त्या इतिहासाविषयी.

२/ सोळाव्या शतकाच्या आरंभी दुआर्ते बार्बोझा या पोर्तुगीज लेखकाने खंबायतच्या सुंदर रजयांची नोंद केली. १५८० च्या दशकात गोव्यात राहिलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशाने खंबायतच्या रेशमी टाक्यांच्या पांघरुणांसाठी ‘गोदोरिन्’ असा शब्द नोंदवला. ‘गोधडी’शी त्याचे नाते कानालाच जाणवते.

३/ खंबायतचा माल गोव्याकडे नेणारे पोर्तुगीज ताफे दीव, दमण, वसई अशा ठाण्यांवरून जात. बंगालमधील सातगावच्या, टसर रेशमाने भरलेल्या ‘कोल्चा’ लिस्बनपर्यंत पोहोचत. युरोपातील श्रीमंतांच्या शयनगृहांत भारतीय टाका मानाने मिरवत होता, आणि त्यातील काही नमुने आजही परदेशी संग्रहालयांत जपलेले आहेत.

४/ आपल्या घरातील गोधडीला मात्र असा मान मिळाला नाही. फाटलेली लुगडी, धोतरे, सदरे यांचे थर एकावर एक अंथरून स्त्रिया ती शिवत. कुठे तिला वाकळ म्हणतात, बाळासाठी शिवली की दुपटे. ती विरली की टाकून देत नसत. तिच्यावर नवा थर चढवून पुन्हा टाके घालत. त्यामुळे एकाच गोधडीत दोन-तीन पिढ्यांची वस्त्रे सापडू शकतात.

५/ गोधडीचा टाका म्हणजे धावदोरा. एकच सुई, एकच दोरा. सुई थरांतून खाली जाते, वर येते; म्हणून वरच्या बाजूस टाका, मग मोकळी जागा, पुन्हा टाका अशी तुटक रेघ उमटते. अनेकदा ती कडेपासून सुरू होऊन आतल्या आत फिरत मध्याकडे जाते. दोरा किंचित ओढला गेल्याने कापडावर बारीक सुरकुत्या पडतात. गोधडीचे रूप या सुरकुत्यांत आहे.

६/ आता यंत्राकडे वळू. पहिल्या प्रयत्नांपैकी काहींची दिशा हाताचेच अनुकरण करण्याची होती. १७५५ साली वायझेन्थाल याने इंग्लंडमध्ये दोन्ही टोकांना अणकुची असलेल्या सुईचे पेटंट घेतले. १८२८ च्या सुमारास म्यूलूझच्या जोझ्वे हाइलमान याच्या भरतकाम यंत्रात मध्ये नेढे असलेल्या सुया चिमट्यांनी कापडाच्या आरपार नेल्या-आणल्या जात.

७/ रोजच्या शिवणकामात यश आले ते हाताचा नाद सोडल्यावर. वॉल्टर हंट, १८४६ चे पेटंट घेणारा एलायस हाऊ आणि १८५१ चा आयझॅक सिंगर यांच्या यंत्रांत नेढे सुईच्या टोकाशी आले आणि दोरे दोन झाले. वरचा सुईचा, खालचा शटलचा किंवा बॉबिनचा. दोन्ही कापडाच्या पोटात एकमेकांना अडकतात. हीच मशीनची टीप.

८/ हे परिवर्तन शांततेत झाले नाही. फ्रान्समध्ये तिमोनिये याच्या पॅरिसच्या कारखान्यात सुमारे ८० यंत्रे लष्करी गणवेश शिवत होती. १८३१ साली पोट जाण्याच्या भीतीने शिंप्यांनी ती मोडली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिंगर भारतातही आले. पुढे यंत्रांवर कठोर टीका करणाऱ्या गांधीजींनीही १९२४ साली शिलाई मशीनला अपवाद मानले.

९/ मशीनची टीप मजबूत, पण अखंड रेघेसारखी दिसते. म्हणून आज मशीनलाच हातासारखे दिसायला शिकवले जाते. युक्ती अशी : वर तंगुसासारखा पारदर्शक दोरा, बॉबिनमध्ये जाड रंगीत सुती दोरा, आणि वरचा ताण वाढवलेला. रंगीत दोरा ठिपक्याठिपक्यांनी वर ओढला जातो. मधला पारदर्शक दोरा नजरेला रिकामी जागा वाटतो.

१०/ काही संगणकीय मशीनमध्ये असा टाका तयारच दिलेला असतो. ‘बेबी लॉक’चे साशिको मशीन तर एकाच दोऱ्यावर चालून जपानी हातशिलाईचा भास निर्माण करते. दोन दोऱ्यांनी जिंकलेले यंत्र जवळपास पावणेदोनशे वर्षांनी पुन्हा एका दोऱ्याकडे वळले आहे.

११/ इतिहासाच्या अभ्यासकाला याचे महत्त्व का? कारण टाका हा पुरावा आहे. एखादे वस्त्र १७०० सालचे म्हणून दाखवले आणि त्याच्या मूळ शिवणीत दोन दोऱ्यांची टीप निघाली, तर तो दावा तिथेच कोसळतो. नकली धावदोरा दिसला की नुसत्या नजरेवर विसंबू नये. उलटी बाजू पाहावी. टाक्यांची लांबी अतिनेमकी आहे का, पारदर्शक दोऱ्याची चमक दिसते का, हे तपासावे. दोऱ्याचे टोक ओढल्यावर साधा धावदोरा सरकत येतो. अडकवलेली टीप तशी येत नाही. मात्र जुन्या वस्त्रावर हा प्रयोग कधीही करू नये.

१२/ मशीनवर गोधडी शिवणे हा गुन्हा नाही. ज्या बाईची नजर मंदावली, बोटे दुखू लागली, तिला मशीनने मोठा आधार दिला आहे. अन्याय होतो तो मशीनचे काम ‘हातशिलाई’ म्हणून विकले जाते तेव्हा. कारण महिनोन्‌महिने टाके घालणाऱ्या स्त्रीला त्याच भावाशी झुंजावे लागते. हातमागाच्या कापडासाठी २००६ साली हातमाग चिन्ह आले. गोधडीवरही निदान ‘हाताने’ की ‘मशीनने’ एवढे स्पष्ट लिहिले जावे.

१३/ घरात जुनी गोधडी असल्यास ती उजेडात उलटी धरून पाहा. कोणते कापड कोणाचे होते, टाके कोणी घातले, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारा आणि लिहून ठेवा. खंबायतच्या रजयांविषयी परदेशी प्रवाशांनी लिहिले. आपल्या आज्यांच्या गोधड्यांविषयी आपणच लिहायला हवे.