इनामगाव : साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या गावाची भेट कशी आखावी

पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या उजव्या तीरावर इनामगाव हे छोटे खेडे आहे. या गावाच्या परिसरातील पांढरीच्या टेकाडांखाली महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांची एक संपूर्ण वसाहत गाडली गेली होती. इसवी सन पूर्व १६०० ते ७०० अशी सुमारे नऊशे वर्षे ही वसाहत नांदती होती. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथे १९६८ ते १९८३ या काळात केलेले उत्खनन भारतातील ताम्रपाषाणयुगीन खेड्याचे सर्वांत विस्तृत उत्खनन म्हणून ओळखले जाते.

हे गाव पाहण्याची इच्छा अनेक विद्यार्थ्यांना, शिक्षकांना व इतिहासप्रेमींना असते. तथापि पूर्वतयारी न करता तेथे पोहोचणाऱ्यांच्या पदरी बहुधा निराशा येते. उभ्या भिंती, छपरे अथवा रस्ते तेथे दिसत नाहीत. दिसतात ती टेकाडे, शेते आणि नदीचे पात्र. त्यामुळे इनामगावची भेट दोन टप्प्यांत आखणे आवश्यक ठरते. पहिला टप्पा पुण्यातील संग्रहालयाचा आणि दुसरा प्रत्यक्ष स्थळाचा. हा क्रम उलटा केल्यास प्रवासाचे प्रयोजनच उरत नाही.

स्थळ का दिसत नाही?

या संदर्भात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील ऑर्कनी द्वीपसमूहातील स्कारा ब्रे या प्रागैतिहासिक खेड्याशी तुलना उद्‌बोधक ठरते. स्कारा ब्रे इनामगावपेक्षा सुमारे दीड हजार वर्षांनी जुने आहे. १८५० मध्ये झालेल्या वादळात किनाऱ्यावरील वाळूचे आवरण उडून गेले आणि ते उजेडात आले. पुरातत्त्वज्ञ गॉर्डन चाइल्ड यांनी १९२८ ते १९३० या काळात तेथे उत्खनन केले, तर १९९९ मध्ये युनेस्कोने त्याचा जागतिक वारसा स्थळांच्या यादीत समावेश केला. मुख्य भूमीवरून जहाजाने अथवा विमानाने त्या दूरच्या बेटावर जाणाऱ्या प्रवाशाला आजही दगडी भिंती, दगडी शय्या, चुली आणि दगडी फडताळे जागच्या जागी पाहावयास मिळतात. झाडे दुर्मीळ असल्याने तेथील लोकांनी घरातील सामानही दगडाचेच केले होते, हे त्याचे कारण होय.

दख्खनच्या पठारावरील शेतकऱ्याने मात्र माती, लाकूड, बांबू आणि गवत वापरले. कुडाच्या भिंती मातीने लिंपलेल्या आणि छप्पर गवताने शाकारलेले, अशी ही घरे होती. अशा घराची जमीन, खांबांचे खळगे, चूल आणि भिंतींचे बुंधे तेवढे मातीखाली टिकतात. उघडे पडल्यावर तेही एक-दोन पावसाळ्यांत विरघळून जातात. म्हणूनच इनामगावचे खरे अवशेष नकाशे, छायाचित्रे, अहवाल आणि संग्रहालयातील वस्तू यांच्या रूपानेच शिल्लक आहेत.

उत्खननाचा इतिहास

डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्व अभ्यासाचा पाया डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांनी १९३९ पासून घातला. संगमनेरजवळील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये झालेल्या उत्खननात लाल रंगावर काळी नक्षी असलेली विशिष्ट मृद्भांडी मिळाली. त्यावरून या संस्कृतीस 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडले. त्यानंतर नेवासे, दायमाबाद अशा अनेक स्थळांची उत्खनने झाली. परंतु एखादे खेडे सलगपणे उलगडून तेथील समाजजीवन समजून घेण्याचा प्रयत्न प्रथम इनामगावी झाला. डॉ. सांकलिया, डॉ. मधुकर केशव ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली बारा हंगाम हे काम चालले. सुमारे एकशे तीस घरे आणि दोनशेहून अधिक दफने उजेडात आली. उत्खननाचा विस्तृत अहवाल १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला.

वसाहतीचे तीन कालखंड

भेटीपूर्वी पुढील तीन कालखंड लक्षात ठेवावेत.

पहिला, माळवा संस्कृतीचा काळ (इ.स.पू. १६०० ते १४००). या काळात मोठी आयताकृती घरे होती. काही लोक जमिनीत खड्डा करून त्यावर छप्पर घालून राहत.

दुसरा, पूर्व जोर्वे काळ (इ.स.पू. १४०० ते १०००). हा वसाहतीच्या भरभराटीचा काळ मानला जातो. आयताकृती घरे ओळीने बांधलेली होती आणि दोन घरांमध्ये मोकळी जागा सोडलेली होती. मध्यभागी सुस्थितीतील शेतकरी, तर पश्चिमेकडील कडेला कुंभार, सोनार, मणी तयार करणारे आणि चुना भाजणारे कारागीर राहत असत. नदीच्या पुराचे पाणी वळविण्यासाठी पाट खोदण्यात आला होता व त्याच्या काठाने दगडमातीचा बांध घालण्यात आला होता. जव हे मुख्य पीक होते. त्याखेरीज गहू, मसूर, वाटाणा, लाख आणि कुळीथ यांचे जळालेले दाणे मिळाले आहेत.

तिसरा, उत्तर जोर्वे काळ (इ.स.पू. १००० ते ७००). प्रशस्त घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली. शेतीचे उत्पन्न घटून शिकारीवरील व पशुपालनावरील भिस्त वाढल्याचे प्राण्यांच्या हाडांवरून दिसते. अखेर वसाहत ओस पडली. हवामान अधिकाधिक शुष्क होत गेल्याने हे घडले, असा निष्कर्ष डॉ. ढवळीकर यांनी मांडला होता. पुढे लहान मुलांच्या सांगाड्यांचा अभ्यास करणाऱ्या ग्वेन रॉबिन्स शुग यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रश्नाची नव्याने तपासणी केली. अखेरच्या काळातील बालकांची वाढ खुंटल्याची चिन्हे त्यांना हाडांत आढळली. अवर्षणाशी आजही झुंजणाऱ्या शिरूर-दौंड परिसरातील वाचकांसाठी हा प्रश्न केवळ इतिहासाचा नाही.

पहिला टप्पा : डेक्कन कॉलेज

येरवडा येथील डेक्कन कॉलेजच्या आवारात पुरातत्त्व विभागाचे संग्रहालय आहे. इनामगावच्या उत्खननातील साहित्य याच संस्थेकडे आहे. संग्रहालयाचे वार व वेळा आधी विचारून घ्याव्यात आणि सार्वजनिक सुट्टीचे दिवस टाळावेत. शाळा-महाविद्यालयांच्या गटांनी विभागास पूर्वसूचनेचे पत्र द्यावे. या टप्प्यासाठी किमान अर्धा दिवस राखून ठेवणे इष्ट.

इनामगावचा अभ्यास करताना पुढील गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

मृद्भांडी : तोटीची भांडी व कंगोरेदार वाडगे ही जोर्वे पद्धतीची ओळख होय. कुंभाराची मोठी गोल भट्टीही उत्खननात मिळाली. एका भांड्यावर बैलगाडीचे चित्र कोरलेले आढळले आहे.

धान्यसाठा : जमिनीतील पेवे, कणगी ठेवण्यासाठी केलेले मातीचे गोल ओटे आणि रांजण टेकवण्यासाठी मांडलेले चार चपटे दगड घरोघरी सापडले. पेव आणि कणगी हे शब्द ज्यांनी आजी-आजोबांकडून ऐकले आहेत, त्यांना या घरांची रचना अपरिचित वाटणार नाही.

पाच खोल्यांचे घर : पूर्व जोर्वे काळातील हे घर गावातील सर्वांत मोठ्या घरांपैकी एक असून त्याला लागूनच धान्याचे कोठार होते. गावाच्या प्रमुखाचे हे घर असावे आणि शेतकऱ्यांकडून मिळणारा धान्याचा वाटा या कोठारात जमा होत असावा, असे उत्खननकर्त्यांचे मत आहे.

दफने : मृतांना घरातील जमिनीखाली अथवा अंगणात पुरण्याची प्रथा होती. लहान मुलांना तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन कुंभांत पुरले जाई. प्रौढांना उत्तरेकडे डोके करून उताणे ठेवत आणि त्यांची पावले घोट्यापासून तोडलेली असत. मृताने परत येऊ नये, या समजुतीतून हे केले जात असावे. प्रमुखाच्या घराच्या अंगणात मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेल्या एका प्रौढ पुरुषाचा सांगाडा मिळाला. त्याची पावले शाबूत होती. मृत्यूनंतरही पाळला गेलेला हा भेद त्या समाजातील उच्च-नीचतेचा ठळक पुरावा मानला जातो.

मातृदेवता : एका घरातील जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी सापडली. पेटीत एक स्त्रीमूर्ती होती, तर पेटीवर मस्तकविहीन स्त्रीमूर्ती आणि बैल ठेवलेले होते.

दुसरा टप्पा : प्रत्यक्ष स्थळ

पुण्याहून अहिल्यानगरकडे (पूर्वीचे अहमदनगर) जाणाऱ्या महामार्गाने वाघोली, शिक्रापूर, रांजणगावमार्गे शिरूर गाठता येते. हे अंतर सुमारे ६५ ते ७० किलोमीटर आहे. इनामगाव शिरूरच्या आग्नेयेस, तालुक्याच्या दक्षिण भागात आहे. शिरूरपर्यंत एसटीची सोय असली, तरी पुढील प्रवासासाठी स्वतःचे अथवा भाड्याचे वाहन असणे सोयीचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात काळ्या जमिनीतील वाटा चिखलाने बंद होतात, तर एप्रिल-मेमध्ये दुपारचे ऊन असह्य असते. पाणी, टोपी व शिदोरी सोबत असावी.

अहवालातील वसाहतीचा नकाशा बरोबर नेल्यास स्थळाचे वाचन सुलभ होते. टेकाडावर उभे राहून प्रथम नदीची दिशा ठरवावी. त्यानंतर पाट व बांध कोणत्या बाजूस होते, कारागिरांची वस्ती कोठे होती आणि प्रमुखाचे घर कोठे होते, हे नकाशाच्या आधारे पाहावे. आसपासची जमीन खासगी मालकीची असू शकते. त्यामुळे शेतात शिरण्यापूर्वी शेतकऱ्याची परवानगी घ्यावी आणि उभ्या पिकातून चालू नये. ग्रामपंचायतीत आगाऊ कळवल्यास माहितगार व्यक्ती सोबत मिळण्याची शक्यता वाढते.

दोन दिवसांचा अवकाश असल्यास अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथील लाडमोड टेकाड आणि प्रवरेच्या काठावरील दायमाबाद ही स्थळेही याच प्रवासात जोडता येतात.

पाळावयाचे नियम

अशा स्थळांवर नांगरटीनंतर खापरे, मणी किंवा गारगोटीची पाती वर येतात. आठवण म्हणून ती उचलून नेण्याचा मोह टाळावा. वस्तू कोणत्या थरात व कोणत्या घराजवळ होती, ही माहिती नष्ट झाल्यास त्या वस्तूचे ऐतिहासिक मूल्य जवळजवळ संपते. चार पायांच्या रांजणाचे महत्त्वही तो प्रमुखाच्या अंगणात जागच्या जागी मिळाल्यामुळेच कळू शकले. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ अन्वये शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंच्या व्यवहारावर निर्बंध आहेत. भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ नुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक किमतीच्या निधीची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

विशेष वस्तू आढळल्यास ती न हलवता तिचे छायाचित्र घ्यावे, जागेची नोंद करावी आणि तहसील कार्यालय अथवा राज्याच्या पुरातत्त्व विभागास कळवावे. टेकाडाची माती वाहून नेली जात असल्याचे दिसल्यासही हीच कार्यवाही करावी. मातीच्या घरांचे गाव मातीबरोबरच नाहीसे होते.