तळटीप : एचआयव्ही-२

* धाटावच्या औद्योगिक वसाहतीवरील या प्रकरणात लेखक ज्याला ‘दुसरा एचआयव्ही’ म्हणतात, तो एचआयव्ही-२. भारतातली बहुतांश लागण एचआयव्ही-१ची आहे. एचआयव्ही-२ मूळचा पश्चिम आफ्रिकेतला, सूटी मँगाबे जातीच्या माकडांतून माणसात आलेला. १९८६ साली तो वेगळा ओळखला गेला. गिनी-बिसाऊ, केप व्हर्द या जुन्या पोर्तुगीज वसाहतींमुळे पोर्तुगालमध्येही तो आढळतो. भारतातील त्याच्या प्रसाराची नोंद १९९१ची; सुरुवातीचे रुग्ण प्रामुख्याने मुंबई आणि गोव्याच्या पट्ट्यातले. त्यामुळे गोव्याचा पोर्तुगीज दुवा नेहमी पुढे केला जातो. तो संभवनीय वाटतो, पण सिद्ध झाला असे मानू नये.

शरीरात तो संथ चालतो, आईकडून बाळाकडे क्वचितच जातो. म्हणून त्याला सौम्य म्हणणे धोक्याचे, कारण त्यानेही एड्स होतो. शिवाय नेव्हिरापिन आणि इफाविरेन्झ ही औषधे त्याच्यावर चालत नाहीत, आणि आपल्याकडे वर्षानुवर्षे पहिल्या उपचारात हीच दिली जात. अहवालावर नुसते ‘पॉझिटिव्ह’ लिहिले, प्रकार लिहिला नाही, तर रुग्ण निरुपयोगी गोळ्या नेमाने घेत राही. मूळ मजकुरात दोन्ही प्रकारांचे रुग्ण एकत्र मोजले आहेत. या आवृत्तीत ते तसेच ठेवले आहेत. — संपादक