बायकांची अक्षरं

आजच्या गप्पा अक्षरांच्या, आणि चीनमधल्या आपल्यासारख्याच शेतकरी बायकांच्या.

बोली जशा वेगळ्या, तशा लिहिण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. आपल्याकडे 'क' काढायचा. काना दिला की 'का', वेलांटी दिली की 'की'. इंग्रजीत स्वराचं अक्षर वेगळं, व्यंजनाचं वेगळं, आणि ती ओळीनं मांडायची. चिनी लिपीची तऱ्हा निराळीच. तिथे साधारण एकेका अर्थाला एकेक चिन्ह. झाडाचं एक चिन्ह. तेच दोनदा शेजारी काढलं की झालं वन! वर्तमानपत्र वाचायचं तर अशी दोन-तीन हजार चिन्हं पाठ हवीत. त्याला वर्षानुवर्षं शाळा लागते. आणि पूर्वी शाळा होती मुलग्यांना.

हुनान प्रांतातल्या जियांगयोंग भागात मुलींचे पाय लहानपणीच करकचून बांधत. त्या माडीवर बसून सूत काढत, भरतकाम करत. त्या बायकांमध्ये एक वेगळीच लिपी चालत होती. तिचं नाव न्यूशू, म्हणजे बायकांचं लिखाण. एकोणिसाव्या शतकात तरी ती नक्की वापरात होती. बारीक, तिरप्या रेघांची ही अक्षरं आई लेकीला, मावशी भाचीला शिकवायची.

या लिपीची खुबी ऐका. तिच्यात चिन्ह अर्थाला नाही, उच्चाराला. आपण झाडाचंही 'पान' म्हणतो आणि वहीचंही 'पान'. चिनी लिपीत अशा दोन अर्थांना सहसा दोन चिन्हं लागतात. न्यूशूत बहुधा एकानं भागायचं. म्हणून हजारोंच्या जागी काही शे चिन्हं पुरत. घरकाम सांभाळून शिकता येईल, एवढीच.

मग त्या काय लिहायच्या? मुली एकमेकींना मानलेल्या बहिणी करत. त्यातली एक लग्न होऊन गेली, की तिसऱ्या दिवशी तिच्या सासरी कापडी बांधणीची एक वही जायची. सुरुवातीच्या पानांवर मैत्रिणींनी, माहेरच्या बायकांनी लिहिलेली गाणी: आशीर्वाद आणि ताटातुटीचं दुःख. पुढची पानं कोरी. त्यांवर ती आपलं लिहायची, नाहीतर पानांमध्ये भरतकामाचे दोरे नि नमुने जपायची. पंख्यांवर, रुमालांवरही बायका लिहीत. एखादी विधवा आपली कर्मकहाणी लिहायची आणि चारचौघीत गाऊन दाखवायची. गाणं पुरुषांच्याही कानी पडे, कळेही. पण कागद त्यांना वाचता येत नसे. बाई गेली की तिच्या वह्या बहुधा तिच्याबरोबर जाळत किंवा पुरत. म्हणून जुनं लिखाण फार थोडं उरलं.

१९४९ नंतर मुली शाळेत जाऊ लागल्या, चिनी लिपी शिकल्या, आणि न्यूशूची गरज सरली. पुढे सांस्कृतिक क्रांतीच्या काळात पुष्कळ लिखाण नष्ट झालं. १९८० नंतर अभ्यासकांनी उरलंसुरलं गोळा केलं. जुन्या रिवाजानं शिकलेल्या शेवटच्या जाणकार यांग हुआनयी २००४ साली वारल्या. आता तिथे संग्रहालय आहे आणि ही अक्षरं पुन्हा शिकवली जातात.

मुली शाळेत गेल्या, हे चांगलंच झालं. पण शाळेचं दार बंद होतं तेव्हाही त्या बायका लिहायच्या थांबल्या नव्हत्या. आपल्याला तर अक्षरं आयती मिळाली आहेत. गटाच्या वहीत आपण सही करतो, हप्ते लिहितो. त्याच वहीच्या मागच्या पानावर आजीची एखादी ओवी, आपल्या मनातलं दोन ओळी लिहून ठेवू या. आपल्या लेकी वाचतील.