गिऱ्हाईक फिर्यादी कधी झाले?

दांडी मारण्याची विद्या तागडीइतकीच जुनी असावी. म्हणून तिला शिक्षा देण्याची चालही आपल्याकडे जुनीच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पौतवाध्यक्ष नावाचा वजनमापांचा अधिकारी आहे. मापांवर दर चार महिन्यांनी शिक्का मारून घ्यावा, बिनशिक्क्याचे माप वापरणाऱ्यास सव्वासत्तावीस पण दंड करावा, असे तेथे सांगितले आहे. हे वाचून आपली मान ताठ होते, व्हावीही. पण आम्हांला एवढेच विचारावेसे वाटते की, हा दंड कोणाकडे जात होता? तो राजाच्या कोशात जात होता. शेराऐवजी पाऊणशेर धान्य जिच्या पदरी पडले, त्या बाईचा पावशेर काही त्यातून भरून निघत नव्हता.

पुढे तर मापेच एक राहिली नाहीत. चाळीस शेरांचा मण हे कोष्टक पोरांना तोंडपाठ. पण मुंबईचा मण २८ पौंडांचा, आणि रेल्वेवर चालणारा बंगाली मण ८२ पौंडांहून थोडा अधिक! दोन्ही मण खरे. असे झाले म्हणजे फसवायला खोटे बोलण्याचीही गरज उरत नाही. १९५६ च्या कायद्याने हा घोळ मिटवायला घेतला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला.

माप सुधारले, तरी गिऱ्हाईक होते तेथेच राहिले. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, हेच १९३० च्या मालविक्री कायद्याचे मूळ धोरण. त्याला अपवाद होते. दुकानदाराच्या जाणतेपणावर विसंबून घेतलेला माल निकामी निघाला, तर तो जबाबदार ठरे. मात्र ते शाबीत करायला दिवाणी कोर्टाची पायरी चढावी लागे. चपलेचा अंगठा तुटला म्हणून वकील कोण देणार?

१९७५ साली मुंबईत ग्राहक पंचायत निघाली. शेजारीपाजारी एकत्र येऊन घाऊक माल घेऊ व वाटून घेऊ लागले. आणि १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. आमच्या मते खरी नवलाई येथे आहे. आता भरपाई गिऱ्हाइकाच्याच हाती पडायची; आरंभी तर तक्रारीला फीही नव्हती, आणि वकिलाशिवाय स्वतः उभे राहून बोलता येत होते. शिवाय मालाबरोबर बँक, विमा, रेल्वे यांची सेवाही कायद्याच्या कक्षेत आली. डॉक्टरांचे काय, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९५ साली निकाल झाला की, पैसे घेऊन केलेला उपचार ही सेवाच होय; इतकेच नव्हे, तर जेथे काही रोगी पैसे देतात आणि काहींवर फुकट उपचार होतात, तेथील फुकट रोग्यालाही दाद मागता येईल. ज्याने एक पैसा दिला नाही, तोही 'ग्राहक' ठरला!

तो कायदा जाऊन २० जुलै २०२० पासून २०१९ चा नवा कायदा लागू झाला. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आजही फी नाही. मात्र ती दोन वर्षांच्या आत करावी लागते.