पाहुण्या ताऱ्याची नोंद

ग्रंथालयाच्या शताब्दी स्मरणिकेत आकाशातील एका मृत ताऱ्याविषयी लिहावे, हे काही वाचकांस विषयांतर वाटेल. परंतु हा विषय मुळात नोंदींचाच आहे, आणि नोंदी जपणे हे तर ग्रंथालयाचे काम होय.

शके ९७६, म्हणजे इ. स. १०५४ च्या जुलै महिन्यात वृषभ राशीत, बैलाच्या शिंगाच्या टोकाजवळ, एक नवा तारा प्रकटला. चिनी राजज्योतिष्यांनी त्याला ‘पाहुणा तारा’ म्हटले. तो २३ दिवस भर दिवसा दिसत होता आणि १०५६ च्या एप्रिलपर्यंत रात्री दिसत राहिला, हे त्यांनी लिहून ठेवले. बगदादचा वैद्य इब्न बुतलान यानेही या नव्या ताऱ्याचा उल्लेख केला आहे.

आपल्याकडे काय? त्या सुमारास गोव्यात पहिल्या जयकेशीच्या कदंब घराण्याची आणि उत्तर कोकणात शिलाहारांची सत्ता होती. जुलै म्हणजे ऐन पावसाळा. कोकणातल्या माणसाला आरंभीचे दोन-तीन महिने तो दिसला नसेल, हे मान्य. पण पुढचा हिवाळा होताच. रोहिणी आणि मृग ओळखणाऱ्या शेतकऱ्याच्या नजरेतून तो सुटला असेल, हे मला पटत नाही. अंबरनाथच्या शिवालयातील शिलालेख शके ९८२ चा, म्हणजे या घटनेनंतर अवघ्या सहा वर्षांचा. त्या काळी कोरणारे होते, पंचांग जाणणारेही होते. ग्रहणाच्या पर्वकाळी दिलेली दाने ताम्रपटांवर तिथीवारासह कोरली जात. न सांगता आलेल्या पाहुण्याविषयी मात्र सारे मूक! डॉ. जयंत नारळीकर आणि संस्कृतच्या विदुषी डॉ. सरोजा भाटे यांनी जुन्या वाङ्मयात असा शोध घेतला व २००१ साली तो प्रसिद्ध केला. निःसंदिग्ध नोंद हाती लागली नाही. गणिताने येणारे तेवढेच नोंदण्याजोगे, अशी आपली वृत्ती होती काय? की लिहिलेले वाळवीने खाल्ले? आमच्या पावसाळी मुलखात ताडपत्राचे आयुष्य ते किती!

त्या स्फोटाचा अवशेष म्हणजे क्रॅब अभ्रिका. आपल्यापासून ती सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे दूर आहे. तिच्यातून क्ष-किरण निघतात. परंतु पृथ्वीचे वातावरण ते शोषून घेते, म्हणून ते पाहण्यास वर जावे लागते. ७ जुलै १९६४ रोजी चंद्रबिंब या अभ्रिकेवरून सरकत असता अमेरिकन शास्त्रज्ञांनी अग्निबाण सोडला. निरीक्षणास मिनिटे मोजकीच होती. क्ष-किरण एखादा दिवा मालवावा तसे एकदम विझले नाहीत, हळूहळू मंदावले. म्हणजे ते एका बिंदूतून नव्हे, पसरलेल्या अवशेषातून येत होते. मधल्या गाभ्याची आशा तेव्हा मावळली. १९६८ साली रेडिओ दुर्बिणींनी ती पुन्हा जागवली आणि पुढच्याच वर्षी क्ष-किरणांतही त्याची स्पंदने मिळाली. हा गाभा न्यूट्रॉन तारा होय. त्याचा व्यास जेमतेम २०-२५ किलोमीटर, म्हणजे धडधाकट माणूस एका दिवसात चालून जाईल एवढा. वस्तुमान मात्र सूर्याहून अधिक, आणि फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे ३० फेरे.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० च्या दशकाच्या अखेरीस हैदराबादहून प्रचंड फुगे सोडून क्ष-किरण मोजण्यास आरंभ केला होता. त्या परंपरेतून पुढे ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ हा उपग्रह सिद्ध झाला व २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला. त्यावरील एका उपकरणाची उभारणी मुख्यतः मुंबईच्या याच संस्थेची, तर निरीक्षणांची व्यवस्था पुण्याच्या ‘आयुका’कडे. या उपकरणाने क्रॅबच्या गाभ्याचे पुनःपुन्हा निरीक्षण केले आणि क्ष-किरणांच्या लहरी कोणत्या दिशेने कंप पावतात हे तपासले. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन स्पंदनांमधल्या शांत कालावधीतही हे ध्रुवीकरण बदलत होते. शांत अवस्थेत असे घडेल ही अपेक्षा नव्हती. प्रचलित उपपत्तींना ते सहज मानवले नाही. १ जानेवारी २०२४ रोजी ‘एक्स्पोसॅट’ गेला, तेव्हा त्यानेही त्याच महिन्यात क्रॅबकडे नजर लावली.

मार्गशीर्षातल्या काळोख्या रात्री, दिवे विझल्यावर, पार्स्यातून रोहिणीच्या पूर्वेला बैलाच्या शिंगाचे टोक सहज सापडते. त्याच्या अगदी शेजारी ती जागा आहे. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही. दुर्बिणीतून अंधुकसा ठिपका दिसतो.