पौगंडावस्थेतील मुले, पालकांचा संयम आणि डॉन बॉस्कोंचे हसू

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को ह्यांचा सण साजरा करते. 'युवकांचे पिता व गुरू' ही त्यांची बिरुदावली त्या दिवशी वेदीवरून पुन्हा ऐकविली जाते. परंतु तेरा ते अठरा वयाच्या मुलामुलींना सांभाळताना मेटाकुटीस आलेल्या आईवडिलांना ह्या संताकडून नेमके काय घेता येईल, ह्याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. शाळा व वसतिगृहे चालविणाऱ्या धर्मगुरूचा आपल्या घरातील कटकटींशी काय संबंध, असे अनेकांस वाटते. वस्तुतः त्यांच्या शिक्षणपद्धतीचा उगम झाला तो एका विधवा आईच्या चुलीपाशी.

जॉन बॉस्को ह्यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील बेक्की ह्या लहानशा वाडीत झाला. १८१७ साली वडील वारले, तेव्हा जॉन दोन वर्षांचाही नव्हता. आई मार्गारीटा एकोणतीस वर्षांची होती आणि तिच्या पदरात सावत्र मुलगा अँटोनियो, स्वतःची जोसेफ व जॉन ही दोन मुले आणि वृद्ध सासू असा संसार होता. ह्या माऊलीला इतिहास 'मामा मार्गारीटा' म्हणून ओळखतो. इटालियन भाषेत 'मामा' म्हणजे आई. आपल्या मराठी कानांना ते प्रथम जरा गमतीचे वाटते, इतकेच.

तिच्याविषयीची एक आठवण चरित्रकारांनी जपून ठेविली आहे. जॉन आठेक वर्षांचा असताना आई परगावी गेली होती. उंचावरील काहीतरी काढण्याच्या नादात त्याच्या हातून तेलाचे भांडे पडून फुटले. गरीब घरात सांडलेले तेल म्हणजे लहानसहान नुकसान नव्हे. पोराने झाडाची एक काठी तोडली, तिच्या सालीवर छान नक्षी कोरली आणि आई येण्याच्या वाटेवर जाऊन घडलेला प्रकार सांगत ती काठी तिच्या हाती दिली. आई हसली. काठी तशीच राहिली. येथे ध्यानात घेण्याजोगे हे की, मुलगा खरे बोलला तो खरे बोलण्याची किंमत घरात फार जबर नव्हती म्हणून. ज्या घरात प्रत्येक चुकीवर आकाश कोसळते, त्या घरातील मुले नक्षीदार काठी आणीत नाहीत. ती फुटलेले भांडे लपवितात.

तथापि त्याच घरात हसण्यातून विकोपही झाला. जॉनला शिकावयाचे होते. शेतात राबणाऱ्या मोठ्या अँटोनियोला ते थेर वाटत. पुस्तकांवाचून आपण कसे धडधाकट वाढलो, असे त्याने एकदा रागाने सुनावले. त्यावर जॉनने उत्तर दिले की, आपले गाढवही शाळेत गेले नाही आणि ते तुझ्याहूनही थोर आहे. उत्तर हजरजबाबी होते ह्यात शंका नाही. परंतु त्यानंतर जॉनला जीव घेऊन पळावे लागले. भांडण वाढतच गेले आणि अखेर १८२८ च्या फेब्रुवारीत, ऐन थंडीत, मार्गारीटाने आपल्या बारा वर्षांच्या लेकराला घराबाहेर काम शोधावयास पाठविले. मोलिया नावाच्या शेतकरी कुटुंबाकडे तो सुमारे पावणेदोन वर्षे गुरे राखीत होता. आईचा तो निर्णय बरोबर होता काय, ह्यावर आजही वाद घालता येईल. आम्हांला वाटते, एका छताखाली दोन वाढती मुले एकमेकांच्या अंगावर धावून जाऊ लागली म्हणजे आईपुढे चांगले पर्याय फार थोडे उरतात.

गाढवाचा तो विनोद आणि आईचे ते हसू ह्यांतील अंतर प्रत्येक पालकाने ओळखावे. एक विनोद समोरच्याला खाली ढकलतो, दुसरा त्याला उचलून घेतो. हे आम्ही उपदेशक म्हणून लिहीत नाही. आमच्या मुलाचा आवाज चौदाव्या वर्षी फुटू लागला, तेव्हा सणाच्या जेवणाला जमलेल्या पाहुण्यांसमोर आम्ही त्याची हुबेहूब नक्कल केली होती. सगळे पोट धरून हसले, तोही हसला. मात्र त्यानंतर गायनवृंदात त्याने पाऊल टाकले नाही आणि कारणही कधी सांगितले नाही. ते आम्हांला कळले तेव्हा तो नोकरीला लागला होता.

डॉन बॉस्को स्वतः ह्या बाबतीत फार लवकर शहाणे झाले. कियेरी गावी शिकत असताना, १८३२ च्या सुमारास, त्यांनी सोबत्यांची 'आनंदमंडळी' स्थापन केली. उदास राहावयाचे नाही आणि आपले कर्तव्य चुकवावयाचे नाही, असा तिचा साधा बाणा होता. पुढे ५ जून १८४१ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी ८ डिसेंबरला तुरीन शहरातील संत फ्रान्सिस असिसीकर ह्यांच्या चर्चमध्ये ती प्रसिद्ध भेट घडली. मिस्सेला सेवा करता येत नाही म्हणून चर्चच्या सेवकाने बार्थोलोम्यू गारेल्ली नावाच्या सोळा वर्षांच्या अनाथ मुलाला झोडपून बाहेर काढले होते. डॉन बॉस्कोंनी त्याला परत बोलाविले. वाचता येते काय? नाही. लिहिता? नाही. चरित्रकार सांगतात की, शेवटी त्यांनी विचारले, शीळ तरी घालता येते ना? तेव्हा मुलगा हसला. 'येत नाही' ह्या उत्तरांच्या रांगेत 'येते' म्हणता येईल असा एक प्रश्न शोधून काढणे, हे त्या विनोदाचे मर्म होते. दहावीच्या गुणपत्रिकेवर बोलणे सुरू करण्यापूर्वी हा प्रसंग आठवावयास हरकत नाही.

संयमाचे उदाहरण मात्र आम्हांला मायकेल मागोनेच्या कथेत अधिक स्पष्ट दिसते. १८५७ साली कार्माञोला रेल्वे स्थानकावर आरडाओरडा करणाऱ्या पोरांच्या टोळीचा हा तेरा वर्षांचा म्होरक्या डॉन बॉस्कोंना भेटला आणि पुढे तुरीनच्या वाल्दोक्को भागातील त्यांच्या वसतिगृहात आला. घंटा होताच तोफेतून सुटल्यासारखा तो मैदानात धावे. काही आठवडे असेच गेले. नंतर तो गप्प राहू लागला, खेळेना, एकटाच रडे. डॉन बॉस्कोंचे लक्ष होते, पण त्यांनी झडती घेतली नाही. त्यांनी त्याला बोलावून, माझ्यावर एक कृपा करशील काय, अशी विनंती केली. दुःखाचे कारण तेवढे सांग, म्हणाले. मुलगा लगेच बोलला नाही. पुढे हळूहळू त्याने मनातील गुंता मोकळा केला आणि कुमसारानंतर तो पुन्हा पूर्वीसारखा हुंदडू लागला. पालकांनी लक्ष द्यावे ते त्या 'कृपा करशील काय' ह्या शब्दांकडे. मोठ्या माणसाने लहानापुढे हात पसरला होता.

संयम सरतो, हेही ह्याच इतिहासात आहे. मुलगा धर्मगुरू झाल्यावर मामा मार्गारीटा १८४६ च्या नोव्हेंबरमध्ये त्याच्या मदतीस वाल्दोक्कोला राहावयास आली होती. तेथे तिने कष्टाने भाजीचा मळा फुलविला. लुटुपुटूच्या लढाईत मुलांनी तो साफ तुडविला. वाळत घातलेले कपडे मातीत, मोजे हरविलेले, भांडी जागेवर नाहीत. एके दिवशी ती मुलाला म्हणाली की, मला आता बेक्कीला जाऊ दे. डॉन बॉस्कोंनी काहीही न बोलता भिंतीवरील क्रुसाकडे बोट दाखविले. ती परतली आणि २५ नोव्हेंबर १८५६ रोजी मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिली. २००६ साली ख्रिस्तसभेने तिला 'आदरणीय' घोषित केले. अशा स्त्रीनेदेखील 'पुरे झाले' असे म्हटले होते, हे कळल्यावर आपल्या धर्मग्रामातील कित्येक मातांना हायसे वाटेल.

हे सर्व अनुभव डॉन बॉस्कोंनी १८७७ साली एका छोट्या टिपणात मांडले. शिक्षा करून वचक बसविणारी एक पद्धत आणि चूक घडण्याआधीच मुलांच्या सोबत राहणारी दुसरी, असा त्यांनी भेद केला. ह्या दुसऱ्या, प्रतिबंधक पद्धतीला त्यांनी विवेक, धर्म आणि वात्सल्य ह्यांचा आधार दिला. १० मे १८८४ रोजी रोमहून लिहिलेल्या पत्रात ते आणखी पुढे गेले. मुलांवर प्रेम असणे पुरेसे नाही, ते प्रेम त्यांना जाणवलेही पाहिजे, आणि त्यासाठी मुलांना जे आवडते त्यात मोठ्यांनी रस घ्यावा, असा त्या पत्राचा आशय आहे. आपल्या घरी ह्याचा अर्थ कदाचित एखादा न कळणारा मोबाइलवरील खेळ मुलाकडून शिकून घेणे आणि त्यात सपशेल हरणे, इतकाच असेल. बाप हरला की मुले मनापासून हसतात.

आजचे विज्ञानही पालकांस थोडा दिलासा देते. परिणामांचा विचार करणारा व आवेग आवरणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. भावनांचा उद्रेक घडविणारे भाग त्याआधीच जोमात आलेले असतात. झोप आणणारे मेलाटोनिन हे संप्रेरक ह्या वयात रात्री उशिरा स्रवू लागते आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तासांची झोप लागते. तेव्हा सकाळी सहाच्या मिस्सेला न उठणारे पोर नास्तिकच झाले, असे लगेच समजण्याचे कारण नाही.

मात्र सर्वच गोष्टी हसण्यावारी नेता येत नाहीत. मूल अनेक दिवस जेवत-झोपत नसेल, मित्रांना टाळत असेल, स्वतःला इजा करीत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे म्हणत असेल, तर वाट पाहत बसणे हा संयम नव्हे. अशा वेळी विनाविलंब डॉक्टरांकडे वा समुपदेशकांकडे जावे. भारत शासनाची 'टेलि-मानस' ही मोफत सेवा २०२२ पासून १४४१६ ह्या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

वाल्दोक्कोतील एक प्रथा मात्र कोणत्याही घरी आजच सुरू करता येईल. १८४७ साली पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा आसऱ्यास आला. मामा मार्गारीटाने त्याला जेवू घातले, अंथरूण करून दिले आणि निजण्यापूर्वी दोन प्रेमळ शब्द सांगितले. डॉन बॉस्कोंनी त्यातून 'शुभरात्री'चा रिवाज पाडला. रात्रीच्या प्रार्थनेनंतर दोन-तीन मिनिटे बोलावयाचे, दिवसातील एखादी गोष्ट सांगावयाची, त्याहून अधिक नाही. चर्चगेटहून गर्दीच्या लोकलने नऊ वाजता वसईला उतरणाऱ्या पित्याजवळही तेवढी मिनिटे असतात. अभ्यासाचा विषय त्यात काढू नये. ऑफिसात आज आपली स्वतःची काय फजिती झाली, ते सांगावे.