तंजावूर आणि चित्रपटगीतांच्या तबकड्या

तंजावुरातील चित्रपटगीतांच्या तबकड्यांचा इतिहास मराठी वाचकासाठी ‘सीता कल्याणम्’पासून सुरू करणे योग्य ठरते, कारण 1934 सालचा हा तमिळ बोलपट प्रभात फिल्म कंपनीने काढला, बाबूराव पेंढारकरांनी दिग्दर्शित केला, आणि त्यातून चित्रपटसंगीतात आलेले पापनाशम शिवन हे जुन्या तंजावूर जिल्ह्यातले वाग्गेयकार, म्हणजे शब्द व चाल दोन्ही रचणारे, होते. तंजावूर आणि मराठी यांच्यातील ही देवघेव नवी नव्हती. तंजावूरवर राज्य करणाऱ्या भोसले घराण्यातील शहाजीराजांनी (राज्यकाल 1684–1712) मराठी व तेलुगूत पदांनी भरलेली नाटके लिहिली होती, तर एकोणिसाव्या शतकात तंजावूर कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनातील साकी, दिंडी व अभंग हे प्रकार हरिकथेत, म्हणजे गायनयुक्त आख्यानात, रुजवले. बोलपटाला तयार कानाचा श्रोता लाभला तो त्यामुळेच.

त्या काळची तबकडी लाखेची, मिनिटाला 78 फेरे घेणारी आणि हातून निसटली तर खापरासारखी फुटणारी असे. एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मावत असल्याने पडद्यावरचे लांब गाणे एकतर कापले जाई किंवा दोन बाजूंवर विभागले जाई, आणि पोलादी सुई वारंवार बदलावी लागे. ज्यांना हा खर्च परवडत नसे त्यांच्यासाठी चित्रपटगृहात स्वस्त गीतपुस्तिका मिळत; खरे तर गाणी घरोघरी पोहोचवण्याचे श्रेय तबकडीइतकेच या कागदी चोपड्यांना द्यावे लागेल. आज जुन्या बाजारात तबकडी पारखणारा प्रथम मधल्या गोल कागदावरील चित्रपटाचे व गायकाचे नाव वाचतो आणि मग ती उजेडात तिरपी धरून चरे पाहतो.